उरलेला रंग

सांगलीच्या विश्रामबागेत हेमांगी जगदाळेचा ब्रायडल स्टुडिओ होता. नवरी खुर्चीत टेकायच्या आधीच हेमांगीने तिचा रंग मनातल्या मनात कालवलेला असे. गव्हाळ नावाचा एकच रंग असतो असं समजणाऱ्या माणसांची तिला कीव यायची. खपली गव्हाचा वेगळा, बन्सीचा वेगळा, हे ती नवख्या मुलींना तासभर ऐकवू शके. कोड असलेल्या मुली तर तिच्याकडे लांबलांबून यायच्या. ओठाच्या कडेचा, पापणीवरचा पांढरा डाग ती बारीक सुईने त्वचेत रंग भरून असा बुजवायची की मुलीच्या आईलाही नंतर जागा सापडू नये. आपल्या हाताला नाव आहे हे तिला माहीत होतं आणि तिला त्याची चांगलीच घमेंडही होती.

अशा या बाईच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या टाचेवर, एक डाग मजेत वाढत राहिला. अजितला वाटलं कुरूप झालंय. त्याने औषधाच्या दुकानातल्या पट्ट्या लावल्या, मग कोणी सांगितलं म्हणून बिब्बा घातला. दिवसभर लोकांचे चेहरे न्याहाळणाऱ्या हेमांगीला नवऱ्याच्या पायाकडे बघायला सवड झाली नाही. पाय कोण बघतं? लंगडायला लागला तेव्हा डॉक्टर झाले, तुकडा तपासायला गेला, आणि त्वचेचा तो कर्करोग, मेलॅनोमा, फुप्फुसापर्यंत पोचल्याचं कळलं. पुढच्या दिवाळीला अजित नव्हता.

त्यानंतर मिरजेच्या एका संशोधन संस्थेने घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला नेलं. हेमांगीची मुलगी तन्मयी तेव्हा नुकतीच तासगावला द्राक्षं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. तिच्यात दोष सापडला. अजितच्या धाकट्या भावाची मुलगी रेवती, तिच्यातही तोच.

संस्थेतल्या डॉक्टर नसरीन मुजावर यांनी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं. बाई हळू बोलायच्या आणि काही लपवायच्या नाहीत.

त्वचेला रंग देणाऱ्या खास पेशी असतात. पेशी वाढते, दुभंगते, एकीच्या दोन होतात, पण कुठे थांबायचं हे तिला कळावं लागतं. नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक हे थांबवण्याचं काम करतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. जगदाळ्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एक मोडकी प्रत चालत आली होती. एका ब्रेकवर गाडी चालते, वर्षानुवर्षं चालते. पण एखाद्या रंगपेशीतला दुसराही ब्रेक निकामी झाला, त्यात आणखी एकदोन बिघाडांची भर पडली, की ती पेशी सुटलीच. गोऱ्या देशांत हे बहुतेक उन्हाने होतं. आपल्याकडे होतं ते तळपायाला, तळहाताला, नखाखाली, जिथे ना ऊन जात, ना कोणाची नजर.

"मग आता?" तन्मयीने विचारलं.

"आता लस आहे," डॉक्टर म्हणाल्या.

त्या काळी ती लस निघून चारपाच वर्षं झाली होती. रंगपेशींच्या अंगावर काही खास प्रथिनं असतात. लस आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशींना ती प्रथिनं ओळखायला शिकवते आणि मग त्या पेशी शरीरभर हिंडून रंगपेशी मारतात. चांगली, वाईट, असा भेद नाही. पेशीच उरली नाही, तर बिघडणार कोण? केस आणि डोळे बहुधा वाचतात, कारण तिथे संरक्षक पेशींचा शिरकाव कमी. बाकी अंग दोनेक वर्षांत पांढरंफेक होतं.

"म्हणजे कोड," हेमांगी म्हणाली.

"कोड नव्हे, हेमांगीताई. दिसायला तसं."

"लोकांना दिसतं तेच कळतं की हो."

डॉक्टर हसल्या नाहीत. पुढचं त्यांनी तन्मयीकडे बघून सांगितलं. रंग एकदम जात नाही. मध्येमध्ये बेटं राहतात, मग तीही पुसली जातात. पण एखाददुसरी बिघडलेली पेशी हुशार निघते. ज्या खुणेवरून तिला ओळखायचं, ती खूणच ती अंगावरून उतरवून ठेवते. संरक्षक पेशी तिच्या शेजारून निघून जातात आणि ती तिथेच राहते, आपल्या रंगासकट. "म्हणून दर महिन्याला फोनसमोर उभं राहायचं, तळपायासकट अंगभर फोटो पाठवायचे. आमचा संगणक ते बघतो. दोन वर्षं पुरी होईपर्यंत अंगावर कसलाही कायमचा रंग भरायचा नाही. जिथे रंग उरला, तिथे चोर असू शकतो. समजलं?"

"समजलं," दोघी एकदम म्हणाल्या.

लस घ्यायचा हट्ट हेमांगीचाच. अजितची शेवटची तडफड तिने पाहिली होती, पोरीच्या वाट्याला ती येऊ द्यायची नव्हती. रंग गेला तर गेला, असं ती तेव्हा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

रंग गेला. आधी पापण्या, मग मान, मग हात. तन्मयीने ते फार थट्टेवारी नेलं. प्रयोगशाळेतले मित्र तिला कुल्फी म्हणायला लागले, तर तिने आपल्या डब्यावरच कुल्फी असं लिहून टाकलं. उन्हात छत्री, अंगाला मलम, बाकी पोरगी होती तशीच खिदळत होती. झुरत होती ती हेमांगी. दुसऱ्यांच्या मुलींचे डाग बुजवून ती घरी यायची आणि दार उघडायला तो पांढरा चेहरा यायचा.

तोवर लसीची बातमी घराघरात पोचली होती. पूर्वी अंगावर पांढरं दिसलं की लोक कोड म्हणायचे. आता त्याहून पुढची गोष्ट कळायला लागली. पोरगी पांढरी म्हणजे घराण्यात कॅन्सर, तिची मुलंबाळंही तसलीच निघायची. मुलगे लस घेऊन पांढरे झाले तर त्यांचं कोणी फार मनावर घेत नसे, कमावता आहे म्हणायचे. मुलींची स्थळं मात्र चहाच्या कपावरूनच परत जात. हेमांगीने अशी चार स्थळं परत गेलेली पाहिली आणि दर वेळी आतून मोडली.

पाचव्या खेपेला नशीब उघडलं. तेही हेमांगीने उघडलं नाही. कराडचा कौस्तुभ पाटणकर द्राक्षांची निर्यात करायचा, प्रयोगशाळेत नेहमी यायचा. तन्मयी त्याला आवडली, पांढरी झाल्यावरच आवडली. त्याने घरी सगळं खरं सांगितलं. त्याची आई वसुधाताई सांगलीला आल्या, भडंग खाल्लं, चहा घेतला, आणि जाताना हेमांगीचा हात हातात घेऊन म्हणाल्या,

"आमचं काही नाही हो विहीणबाई. पोरगी गुणाची आहे. पण धाकटीचं अजून व्हायचंय आमच्या. कार्यात माणसं येणार, बोलणार. तुमच्या हातात एवढी कला आहे... तेवढं बघा की."

बाईंनी धमकी दिली नव्हती, अट घातली नव्हती. मुलीच्या आईने मुलीच्या आईला सांगावं तसं सांगितलं. हेमांगीला तर वाटलं, हे मला आधीच कसं सुचलं नाही?

लग्नाची तारीख निघाली ती लसीची दोन वर्षं भरायच्या आधीची. पुढचा मुहूर्त वसुधाताईंना सोयीचा नव्हता, आणि मुलीकडच्यांनी कोणत्या तोंडाने तो मागायचा?

"आई, मला आता असंच बरं वाटतंय गं," तन्मयी म्हणाली. "कौस्तुभलाही चालतंय."

"कौस्तुभला चालतंय. मांडवाला चालायला नको का? एकदा लग्न होऊ दे. मग रहा कशीही."

"पण डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"डॉक्टरांना पोरीचं लग्न करायचं नाही."

तन्मयीने वाद घातला नाही. बाप गेल्यापासून आईला दुखवायचं तिच्या जिवावर यायचं.

स्टुडिओ आठवडाभर बंद ठेवला. उत्तरेच्या खिडकीपाशी, खऱ्या उजेडात, हेमांगीने मुलीला बसवलं आणि रंग कालवायला घेतला. आणि इथेच ती अडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला रंग सापडेना. दुसऱ्यांच्या मुलींना डागाशेजारची कातडी असायची, तिच्याशी जुळवायचं. हिच्या अंगावर जुळवायला काही राहिलंच नव्हतं. जुने फोटो काढले, तर प्रत्येक फोनने पोरीला आपापल्या मर्जीप्रमाणे उजळवून ठेवलेलं. हेमांगीने पुन्हा पुन्हा रंग कालवून तन्मयीच्या मनगटावर लावून पाहिला. कुठला मातकट, कुठला पिवळट. आपल्या पोटच्या पोरीचा रंग आपल्याला पाठ आहे या भ्रमात ती इतकी वर्षं होती. ती चिडली, मग रडकुंडीला आली.

"पाय तरी राहू दे," तन्मयी कंटाळून म्हणाली. "साडीत काय दिसतंय?"

"माप ओलांडताना काय दिसतं? सगळं गाव पायाकडेच बघत असतं तेव्हा."

म्हणून तिने मुलीचा डावा पाय मांडीवर घेतला. आणि पावलाच्या कडेला, करंगळीच्या जरा मागे, तिला तो दिसला. शेंगदाण्याएवढा ठिपका. गव्हाळ, सायीची किंचित झाक असलेला. तन्मयीचा. न्हाऊ घालताना, वेणी घालताना, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना वीस वर्षं बघितलेला तोच रंग. हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"हा बघ! हा तुझा रंग! तनू, हा बघ गं!"

तन्मयीने वाकून पाहिलं. "हा अजून गेला नाही होय? मागच्या महिन्याच्या फोटोत एवढा नव्हता वाटतं. डॉक्टरांना फोटो पाठवूया?"

हेमांगीला त्या वेळी डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. शब्दन् शब्द आठवलं. पण अजितच्या टाचेवरचं तिने पाहिलं होतं, ते काळंकुट्ट होतं, कडा फाटलेलं, बघवत नव्हतं. हे तर किती सुरेख, एकसारखं. बेटं राहतात असं डॉक्टरच म्हणाल्या होत्या की, हे एखादं मागं राहिलेलं बेट असेल. फोटो पाठवला तर त्या बोलावणार, कापणार, पायाला टाके पडणार, मुहूर्त टळणार. वसुधाताई विचारणार, काय झालं? आणि मग काय सांगायचं?

"लग्न होऊ दे," ती म्हणाली. "मग आपण दोघी जाऊ मिरजेला."

"तू म्हणतेस तर," तन्मयी म्हणाली.

तो ठिपका समोर ठेवून हेमांगीने रंग कालवला आणि पहिल्याच खेपेला जुळला. पुढचे दिवस तिने अन्नपाण्याकडे नीट पाहिलं नाही. सुईने कणाकणाने तिने मुलीला तिचा चेहरा परत दिला, मान दिली, हात दिले, शेवटी पाय दिले. काम संपल्यावर तिने सवयीने जागा शोधून पाहिली. ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळून गेला होता. तिला स्वतःलाच तो दिसेना, आणि तिला त्याचा अभिमान वाटला.

त्या महिन्याच्या फोटोत संस्थेच्या संगणकाला डोक्यापासून पायापर्यंत रंगच रंग दिसला. लगेच फोन आला. पलीकडची मुलगी घाबरून बोलत होती.

"अहो, भरून घेतलाय रंग," हेमांगी म्हणाली. "लग्न आहे घरात."

"आता फोटोत काहीच कळणार नाही हो. प्रत्यक्ष घेऊन या त्यांना. लगेच या," ती मुलगी म्हणाली.

"येते की," हेमांगी म्हणाली, आणि रुखवताच्या सामानाकडे वळली.

लग्न दृष्ट लागावी असं झालं. तन्मयीने माप ओलांडलं तेव्हा कराडच्या बायका म्हणाल्या, पायसुद्धा किती देखणे आहेत. मग जोडी फिरायला गेली. मग द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. मग पहिली संक्रांत आली, हलव्याचे दागिने झाले. हेमांगी दर खेपेला मिरजेचं काढायची आणि दर खेपेला काहीतरी चांगलंच निघायचं. सुखात असलेल्या पोरीला दवाखान्यात न्यायला पाय उचलत नव्हते.

उन्हाळ्यात तन्मयीचा फोन आला. "आई, जांघेत गाठ लागतेय. दुखत नाही, पण आहे."

हेमांगी तशीच उठून कराडला गेली आणि तिला मिरजेला घेऊन आली.

संस्थेत सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर मुजावर यांनी तन्मयीला झोपवलं आणि भिंग घेऊन तिचे पाय बघायला लागल्या. तळवे, बोटांच्या फटी, नखं. त्वचेखालचं दाखवणारं यंत्र लावलं, तर सुईने भरलेल्या रंगामुळे पडद्यावर सगळंच काळं. त्यांनी मान वर केली.

"मूळ जागा सापडत नाहीये."

हेमांगी पुढे झाली. तिने डोळे मिटले आणि मुलीच्या डाव्या पावलाच्या कडेला, करंगळीच्या जरा मागे, बोट ठेवलं. डॉक्टरांनी तिथे यंत्र टेकवून कितीतरी वेळ धरलं. मग सावकाश मान हलवली.

तन्मयी आईकडे बघत होती.

"ते काढा ना डॉक्टर," हेमांगी म्हणाली. "पाय कापा हवा तर. माझं काहीही घ्या."

"काढू. पण त्याने आता फरक पडायचा नाही, ताई. फुप्फुसात आहे, यकृतात आहे." डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "हल्ली या आजाराची कितीतरी माणसं बरी होतात. पण ती सगळी औषधं संरक्षक पेशींनाच जोर देतात. हिच्या बिघडलेल्या पेशींनी अंगावरची खूण टाकून दिलीय. त्या संरक्षक पेशींना दिसतच नाहीत, मग जोर देऊन उपयोग काय? ठिपका एवढासा असताना आला असतात, तर..." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "पंधरा मिनिटांचं काम होतं," त्या म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्यावर तन्मयी पहिल्यांदा बोलली.

"तुला कळलं होतं ना त्या दिवशी?"

"होय."

"आणि तरी तू लग्न होऊ दे म्हणालीस."

"होय गं तनू."

हेमांगीला वाटलं, आता ही ओरडेल, मारेल, निदान उठून जाईल. तन्मयी आपल्या गव्हाळ हातांकडे बघत राहिली.

"मला तुझा राग येतोय," ती अखेर म्हणाली. "खूप येतोय. आणि मला घरी तुझ्याकडेच यायचंय."

ती आली. कौस्तुभ रोज कराडहून येऊन बसायचा, तिला भरवायचा, जिन्यात जाऊन रडायचा. बिचारा त्याच्यापरीने कुठे कमी पडला नाही. हेमांगी मुलीचं अंग पुसायची. पोरगी आतून वाळत चालली, गाल बसले, डोळे खोल गेले, आणि रंग मात्र जसाच्या तसा. नजर लागेल असा टवटवीत. हेमांगीला तो बघवेना. एकदा तिने न राहवून ओल्या फडक्याने मुलीचा हात खसाखसा घासला, पार लाल होईपर्यंत.

"जात नाही तो," तन्मयी म्हणाली. "तूच केलायस. तुझं काम पक्कं असतं."

ती त्यात टोचून बोलली नव्हती. तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं. पावसाळा संपता संपता ती गेली. हिरव्या साडीत, मळवट भरून नेताना बायका हळहळल्या, काय रूप होतं, अंगावर एक डाग नाही. हेमांगीने ते ऐकलं. त्यानंतर तिने सुई हातात धरली नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतर काही महिन्यांनी हेमांगीची धाकटी जाऊ मीनल रेवतीला घेऊन आली. घरी न जाता ती सरळ स्टुडिओचा जिना चढली. हेमांगी तिथे दार लावून नुसती बसून असायची हे तिला ठाऊक होतं. मागाहून लस घेतलेली रेवती आता पूर्ण पांढरी झाली होती. तिने वाकून नमस्कार केला. मीनल पदराशी चाळा करत बसली, तन्मयीच्या आठवणी काढून रडली, आणि मग तिने विषय काढला. रेवतीचं जमतंय, इस्लामपूरचं स्थळ, मुलगा चांगला. त्यांचं बाकी काही म्हणणं नाही. फक्त मांडवापुरतं...

"नाही," हेमांगी म्हणाली.

"ताई, तुमच्याइतका हात कुणाचा नाही. दुसऱ्याकडं न्यायला भीती वाटते म्हणून तुमच्याकडं आले."

"मीनल, तू डोळ्यांनी बघितलंस. दवाखान्यात माझ्याशेजारी बसली होतीस तू. दोन वर्षं भरू दे तिची. लग्न मोडलं तर मोडू दे. एक नाही जमलं तर दुसरं जमेल, नाही जमलं तर राहील तशीच. काय बिघडतं? पोरगी जिवंत राहील गं!" तिने रेवतीचे दोन्ही हात धरले. "बाळा, तू तरी ऐक. दर महिन्याला जात जा. कोणी काही म्हणू दे."

रेवतीने मान खाली घातली. तिला ते लग्न हवं होतं, हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. हेमांगी तिचे हात सोडेना, तसे तिने हलकेच सोडवून घेतले.

मीनल उठली. तिच्या तोंडावर राग नव्हता, कडवटपणा नव्हता. होतं ते सरळसरळ आईचं तोंड, हेमांगीने इतकी वर्षं याच खोलीत समोर बसलेलं पाहिलेलं.

"तुमच्या तन्मयीचं लग्न तरी झालं, ताई," ती म्हणाली, आणि मुलीला घेऊन जिना उतरली.